तक्रार, चौकशी आणि न्याय

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून गणेशोत्सवाच्या आठवणी सांगाव्यात, या परमुलखात पन्नास वर्षे जपलेल्या मायबोलीचे कौतुक करावे, हा शिरस्ता आम्हांला ठाऊक आहे. तो मोडून आज आम्ही एका अप्रिय विषयाला हात घालीत आहोत, त्याबद्दल आरंभीच क्षमा मागतो.

निमित्त घरचेच आहे. मागे एकदा याच सभागृहात भजन आटोपल्यावर चहा घेताना एक वार्ता कानी आली. गावातील कुठल्याशा कचेरीतील एका स्त्री कर्मचाऱ्याने वरिष्ठाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार गुदरली होती. चहाचे पेले रिते होण्यापूर्वीच आपल्यापैकी निम्म्या मंडळींनी त्या गृहस्थाला दोषी ठरविले आणि उरलेल्या निम्म्यांनी त्या बाईंना खोटारडे ठरविले. त्या दोघांपैकी एकालाही कुणी पाहिलेले नव्हते!

रामशास्त्र्यांचे नाव आपण मराठी माणसे मोठ्या अभिमानाने घेतो. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा खुद्द राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा हा न्यायाधीश. त्यांच्या निर्भयतेची कथा आपण मुलांना सांगतो. परंतु तिचा पूर्वार्ध विसरतो. शास्त्रीबुवांनी आधी चौकशी केली, मग निर्णय दिला. आरोपीच्या सत्तेला ते भ्याले नाहीत, तद्वतच लोकांच्या कुजबुजीवरही विसंबले नाहीत. कायद्याचे राज्य म्हणतात ते हेच.

आता आमचाच एक अपराध सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी, सेवेच्या आरंभकाळी, आम्ही एका दूरच्या प्रांतातील कचेरीत कनिष्ठ पदावर होतो. तेथील एक टंकलेखिका एके दिवशी आमच्या टेबलापाशी येऊन रडू लागली. एका अधिकाऱ्याच्या वर्तनाविषयी तिने जे सांगितले, ते येथे उच्चारण्याचे कारण नाही. आम्ही तिला वरिष्ठांकडे नेले. वरिष्ठ वृत्तीने सज्जन होते. ते म्हणाले, “बाई, लेखी काही देऊ नका. बदनामी तुमचीच होईल. आम्ही त्यांना समज देतो.” आम्हीही मान डोलावली. दोन महिन्यांनी त्या मुलीने राजीनामा दिला. फाईलवर एक ओळसुद्धा उमटली नाही. तो अधिकारी दोषी असेल तर सहीसलामत सुटला; निर्दोष असेल तर निवृत्तीपर्यंत कुजबुज त्याच्या पाठीस लागली, आणि ती पुसण्याचे कोणतेही साधन त्याच्या हाती उरले नाही. आमच्या त्या ‘समजूतदारपणा’ने दोघांनाही न्याय नाकारला. ही बोच आजही गेलेली नाही.

त्या काळी निश्चित वाटच नव्हती, असे कुणी म्हणेल. ते बव्हंशी खरे आहे. ही वाट कशी घडली, हे पाहण्यासारखे आहे. १९७२ साली तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलिस चौकीत एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोघा पोलिसांवर आला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, उच्च न्यायालयाने शिक्षा दिली आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मुक्त केले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, म्हणजे संमती असली पाहिजे, असा तर्क लढविला गेला. चौकीत, वर्दीसमोर, एक अनाथ मुलगी कसला प्रतिकार करणार? १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघा कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहून हाच प्रश्न विचारला. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने साक्षीत सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, अशी तरतूद झाली. आरोपीचा बचावाचा अधिकार मात्र कायम राहिला. कायद्यातील अन्याय कायद्यानेच दुरुस्त झाला, हे लक्षात घ्यावे.

पुढे १९९२ साली राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या एका ग्रामसेविकेवर सामूहिक बलात्कार झाल्याचे प्रकरण घडले. त्यातून ‘विशाखा’ याचिका उभी राहिली आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या जागी स्त्रियांच्या संरक्षणासाठी बंधनकारक मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्या पीठावर न्यायमूर्ती सुजाता मनोहर होत्या. तत्त्वे कागदावरच राहू नयेत म्हणून पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांनी न्यायालयाचे दार ठोठावले. त्यावर २००४ साली आदेश झाला की, तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल मानावा. अखेरीस २०१३ साली स्वतंत्र अधिनियम झाला.

आपल्या लेकीसुना नोकरीनिमित्त नवख्या शहरी राहतात, म्हणून त्याचे सार सांगतो. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, किमान निम्मे सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा. लहान आस्थापनांसाठी व घरकामाच्या बायांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात. चौकशी चालू असताना तक्रारदार स्त्रीला बदली वा रजा मागता येते. ज्याच्यावर आरोप आहे त्याला तक्रारीची प्रत, उत्तर देण्यास अवधी आणि साक्षीदार मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे. चौकशी नव्वद दिवसांत संपवावी. दोघांचीही नावे गुप्त राहावीत. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्यास कारवाई होते. परंतु केवळ पुरावा अपुरा पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. हे शेवटचे वाक्य प्रत्येक कचेरीत भिंतीवर टांगण्याजोगे आहे.

आता कुणी म्हणेल, एवढे सोपस्कार कशाला? गुन्हा उघड दिसतो आहे, द्या हाकलून! त्यांच्यासाठी गोव्याचे एक उदाहरण. २००९ साली तेथील विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने घाईघाईने बैठका उरकल्या, त्या गृहस्थाला बाजू मांडण्यास पुरेसा अवकाश दिला नाही आणि पुढे त्याला बडतर्फ करण्यात आले. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे धाडले. तो निर्दोष आहे असे न्यायालय म्हणाले नाही, दोषी आहे असेही नाही. काही दिवसांच्या घाईपायी चौदा वर्षे वाया गेली. त्यात त्या गृहस्थाचे नुकसान झालेच. पण ज्या मुलींनी धीर करून तोंड उघडले, त्यांच्या पदरी तरी काय पडले?

बंधुभगिनींनो, आम्हांला सांगावयाचे ते एवढेच. रीतसर चौकशी ही आरोपीने स्त्रीसमोर धरलेली ढाल नव्हे. स्त्रीचे म्हणणे ज्या वाटेने सिद्ध होऊन टिकते, ती ही वाट. तिच्यावर बंधन एवढेच की, दुसऱ्या बाजूचेही ऐकून घ्यावे. तक्रार दडपणारा जसा ही वाट बंद करतो, तसाच चौकशीआधी निकाल देणाराही.

आपण परगावी राहणारी माणसे. येथे नात्याचे चुलते-मामे नाहीत. मंडळ हेच आपले गणगोत. एखादी मुलगी आपल्यापाशी येऊन असे काही सांगेल, तेव्हा तिला “गप्प बस” म्हणू नका. शांतपणे ऐका, तारखा लिहून ठेवण्यास सांगा, तक्रार लिहिण्यास मदत करा, समितीपर्यंत सोबत जा. उद्या आपल्याच एखाद्या मुलावर आरोप आला, तर त्या मुलीची निंदा करू नका. उत्तर लेखी द्या, चौकशीला सामोरे जा. आणि या दोन्ही प्रसंगी चहाच्या पेल्यासोबत न्यायदान करू नका.

त्या टंकलेखिकेचा पत्ता आज आमच्यापाशी नाही. असता तर हे भाषण आम्ही प्रथम तिला पाठविले असते.