टाकली, पण काढणार कोण?



काचेच्या तंतूतून प्रकाश कसा धावतो, चार्ल्स काओंना 2009 साली नोबेल कशासाठी मिळालं, हे तुम्ही जाणता. त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचं आहे ते बंद पडलेल्या केबलविषयी.

आमच्या पेठेत रस्ता खणताना जुन्या ऑप्टिकल फायबर केबलचं भेंडोळं वर आलं. ते मी ओळखीच्या भंगारवाल्याकडे नेलं. त्यानं वरचं काळं आवरण सोललं आणि आधी विचारलं, "तांबं कुठाय?" (हशा) तांबं नव्हतंच. निघाले पिवळे धागे, ॲरामिडचे. गोळीरोधक जाकिटात असतात तेच. त्याची कात्री त्यांच्यावरून नुसती घसरली. मग नळ्या फुटल्या आणि चिकट जेली हाताला, सुरीला, तराजूला, सगळीकडे. मधला दांडा काचतंतू आणि रेझिनचा, तो वितळत नाही. शेवटी केसासारखे तंतू. त्यांची कुसं बोटात शिरतात आणि दिसतही नाहीत, म्हणून मीच त्याचा हात धरला. त्यानं भेंडोळं माझ्या पिशवीत परत घातलं. "काका, हे फुकटही नको." (हशा) हसू नका, त्याचा हिशोब अचूक आहे.

कोणी म्हणेल, काच वितळवा. एक किलोमीटर तंतूत काच भरते सुमारे 27 ग्रॅम. 96 तंतूंची केबल घेतली तरी किलोमीटरला तीन किलोसुद्धा नाही. उरलेलं बरंचसं प्लॅस्टिक, तेही जेलीनं माखलेलं. धुतल्याशिवाय त्याचा दाणा होत नाही.

समुद्रातल्या केबलचं नशीब बरं. अटलांटिकखालची पहिली फायबर केबल, टीएटी-8, 1988 साली टाकली, 2002 मध्ये बंद झाली. अशा केबलींत रिपीटरला वीज पोचवायला तांबं असतं, भोवती पोलादी तारा. त्यामुळे जहाजं पाठवून जुन्या केबली वर ओढणं परवडतं. जमिनीखालच्या केबलीत काढण्याचा खर्च फेडणारं काहीच नसतं.

(मागून प्रश्न : "म्हणजे पुन्हा तांब्याकडे जायचं?")

नाही, अजिबात नाही! तारा जाळून तांबं काढताना उठणारा धूर मी पाहिला आहे. फायबर हवीच. माझा आग्रह एकच : केबल टाकण्याच्या निविदेतच ती काढण्याचा खर्च धरा. पुढे आपल्यालाच काढायची आहे हे कळलं, की कंत्राटदार जेलीऐवजी पाणी लागताच फुगणारा धागा घातलेली कोरडी केबल मागेल. ती बाजारात आज मिळते. उघड्या चरात पुरण्याऐवजी डक्टमधून टाकेल, म्हणजे ओढून काढता येईल.

चिठ्ठी आली, आवरतो. छत्रपती संभाजीनगरात फायबर बनते. जुनी केबल परत घेण्याची सोयही तिथेच व्हावी, यावर बरंच बोलायचं होतं. ते राहिलं. तुमच्या गल्लीत पुढचा चर खणला जाईल तेव्हा वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या. जुनी केबल कोण काढणार, त्याचे पैसे कोणाकडून घेतले, एवढंच विचारा आणि उत्तर लेखी मागा.