बिनकामाचा कळप



 आज पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रांनो, पदवीदानाच्या प्रसंगी ध्येय आणि चिकाटी यांवर बोलण्याचा रिवाज आहे. मी ब्रॉयलर कोंबडीवर बोलणार आहे, आणि त्यासाठी पुण्याइतकं योग्य शहर नाही. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये उभ्या केलेल्या वेंकटेश्वर हॅचरीजचा कारभार इथून चालतो. अंड्याचा भाव उत्पादकांनीच जाहीर करावा म्हणून १९८२ मध्ये निघालेली ‘नेक’ (नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी) ही समितीही इथलीच.

या ब्रॉयलरने काय मजल मारली ते ऐका. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७च्या वाणाची आणि २००५च्या वाणाची पिल्लं एकाच खाद्यावर वाढवली. छप्पन्न दिवसांनी जुन्या वाणाचं वजन भरलं ९०५ ग्रॅम, नव्याचं ४,२०२ ग्रॅम. पिढ्यान्‌पिढ्या वजनावर नजर ठेवून केलेल्या निवडीचं हे फळ.

पण त्याची किंमत मे महिन्यात कळते. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून अंग थंड करते. जी झपाट्याने वाढते तिच्या शरीरात उष्णताही जास्त तयार होते. दौंड-इंदापूरपासून सोलापूर, मराठवाडा, विदर्भापर्यंत पारा चाळिशीपार गेला, की पक्षी खाद्य टाकतात, पाणी पीत राहतात आणि विक्रीच्या वजनाला आलेले नेमके तेच आधी जातात. ज्याला परवडतं तो वातानुकूल शेड बांधतो. करारावर बॅच घेणारा छोटा शेतकरी ओली बारदानं लावतो, फॉगर चालवतो आणि वीज जाऊ नये म्हणून देवाला हात जोडतो.

मग उन्हाला टिकणारे गुण आणायचे कुठून? २००८ मध्ये जगभरच्या कोंबड्यांच्या जनुकांची तपासणी झाली. मूळ जातींमध्ये असलेलं निम्म्याहून अधिक जनुकीय वैविध्य व्यावसायिक वाणांत सापडलंच नाही. मुख्य कारण असं की उद्योगाने पायाच मोजक्या जातींवर घातला. त्यातली एक कॉर्निश. इंग्लंडमध्ये घडलेल्या या जातीत आपल्या असील कोंबड्याचं रक्त आहे. झुंजीसाठी पाळलेल्या पक्ष्याची रुंद छाती आज साऱ्या जगाच्या ताटात आहे. असील पाळणाऱ्यांच्या मनात मांसाचा धंदा कधी नव्हता.

असाच अनपेक्षितपणे कामी आलेल्या गुणाचं दुसरं उदाहरण उघड्या मानेच्या कोंबडीचं. दिसायला ओबडधोबड, म्हणून कुणी कौतुक केलं नाही. पण एका जनुकामुळे तिची पिसं एक पंचमांश ते दोन पंचमांश कमी असतात आणि उष्णता बाहेर पडायला वाट मिळते. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने हाच गुण घेऊन उष्ण प्रदेशांसाठी ब्रॉयलर तयार केला. थंडीत हीच उघडी मान त्या पक्ष्याला जड जाते. सर्वगुणसंपन्न कोंबडी नसते. म्हणूनच अनेक प्रकारच्या लागतात.

आता पुन्हा अल्बर्टाकडे वळू. तिथे ती तुलना करता आली, कारण कुणीतरी १९५७चा वाण निवड न करता तसाच सांभाळला होता. ताळेबंदात तो कळप बिनकामाचा. वजन वाढत नाही, विक्री नाही, खाद्याचं बिल मात्र दरवर्षी येतं. कोणतीही कंपनी एवढा खर्च दीर्घकाळ सोसेल अशी अपेक्षा धरू नका. तिचं ते काम नाही. ते विद्यापीठांचं आणि सरकारी प्रक्षेत्रांचं काम आहे, आणि उद्या त्यांच्या अंदाजपत्रकावर सही करणारे हात तुमच्यातलेच असतील.

म्हणून दोन मागण्या. एक, वाणाची परीक्षा गार शेडमध्ये उरकू नका. मे महिन्यात, शेतकऱ्याच्या पत्र्याखाली घ्या. निवडीत जे मोजाल तेच वाढेल, म्हणून वजनाच्या रकान्याशेजारी मरतुकीचाही रकाना ठेवा. दुसरी, गावोगावच्या परसातल्या गावरान कोंबड्या संकरात विरघळून जाण्याआधी त्यांची नोंद करा, नमुने जपा, आणि काही कळप जिवंत ठेवा.

‘याचा उपयोग काय?’ असं तुम्हाला विचारलं जाईल. आज काही नाही, असं प्रामाणिकपणे सांगा आणि तरीही खाद्याच्या बिलावर सही करा. असील सांभाळणाऱ्यांनाही यापेक्षा चांगलं उत्तर देता आलं नसतं.