भिंतीवरची दौड

उधळलेल्या सात पांढऱ्या घोड्यांची तसबीर आपल्यापैकी अनेकांच्या दिवाणखान्यात आहे. सूर्याच्या रथाला सात घोडे, म्हणून हे सात. रथ गेला, सारथी अरुण गेला, मागे उगवता सूर्य तेवढा राहिला. ती कोणत्या भिंतीवर लावावी, घोड्यांची तोंडे कुठे असावीत, याचा खल दुकानातच होतो. माझे मागणे वेगळे आहे. जवळ जाऊन त्या घोड्यांचे पाय पाहा. पुष्कळदा ते दिसतच नाहीत. गुडघ्याखाली फेसाळ पाणी, नाहीतर धुरळा. आयाळीचा केस न् केस रंगवलेला, आणि खूर मात्र झाकलेले!

चित्रकाराची अडचण खरी आहे. भरधाव घोड्याचे पाय नुसत्या डोळ्यांना टिपता येत नाहीत. फ्रेंच चित्रकार जेरिकोने १८२१ साली रंगवलेली एप्समची डर्बी शर्यत पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तिच्यातल्या घोड्यांचे पुढचे पाय पुढे ताणलेले, मागचे मागे, पोट जवळजवळ जमिनीला समांतर. पुढे १८७८ साली कॅलिफोर्नियात छायाचित्रकार मायब्रिजने धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे मांडले आणि आडवे दोरे ताणले. दौडणाऱ्या घोडीच्या धक्क्याने एकेक कॅमेरा उघडत गेला. एका क्षणी घोडीचे चारही पाय अधांतरी असतात हे सिद्ध झाले. पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना, ताणलेले असताना नव्हे.

मग जेरिको खोटा ठरला का? शिल्पकार रोदँने त्याची बाजू घेतली. आपली नजर चित्रावरून सरकते, मागच्या पायांचा रेटा आधी पाहते, पुढच्या पायांची झेप नंतर. त्या सरकण्यातच वेग असतो, असे त्याचे म्हणणे. मला ते मनापासून पटते.

पाय न झाकता दौड रंगवणारे आणखीही झाले. चीनचे चित्रकार शू बेइहोंग पॅरिसला शिकले, रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून शांतिनिकेतनात येऊन राहिले. त्यांच्या दौडणाऱ्या घोड्यांना खोगीर नाही, लगाम नाही. आयाळ आणि शेपूट म्हणजे रुंद कुंचल्याचे शाईने भिजलेले फटकारे. पाय मात्र कसलेले, सांधा न् सांधा ठाऊक असलेल्या हाताचे. भोवती बराचसा कोरा कागद. १९५२ साली मकबूल फिदा हुसेन चीनला गेले, तेव्हा त्यांनी शू यांचे घोडे पाहिले. पंढरपुरात जन्मलेल्या, इंदूरमध्ये वाढलेल्या हुसेनांच्या मनात मोहरमच्या मिरवणुकीतला दुलदुल घोडा लहानपणापासून होताच. त्यांचा घोडा मान मागे फेकतो, जबडा उघडतो. त्याला फेसाची आणि धुरळ्याची गरज पडत नाही.

अशा चित्राची चांगली छापील प्रतही भिंतीवर शोभते. फक्त चौकट करायला द्याल तेव्हा समोर उभे राहा. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून घोड्याच्या तोंडापुढचा रिकामा कागद कापण्याचा मोह कारागिराला होतो. तो कापू देऊ नका. घोडा धावतो आहे तो त्याच जागेत.