शालान्त परीक्षेचे मंडळ आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी हायस्कुलात शिक्षिका होते आणि दहावीच्या उत्तरपत्रिकाही पुष्कळ वर्षे तपासल्या. म्हणून ज्याला आपण नुसते ‘बोर्ड’ म्हणतो, त्याविषयीच बोलावे असे ठरविले. तेही एक मंडळच आहे. फरक एवढाच, की आपल्या मंडळात सर्व सभासद एकमेकींना ओळखतात, आणि त्या मंडळाची ओळख मात्र निकालाच्या दिवसापुरतीच असते.

पूर्वी मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घेई. पुढे १९४८ च्या कायद्याने मुंबई राज्यात एस.एस.सी. परीक्षेसाठी स्वतंत्र मंडळ निघाले. विदर्भात निराळी व्यवस्था होती. महाराष्ट्र राज्य झाल्यावर साऱ्या राज्यास एकच नियम असावा म्हणून १९६५ साली कायदा झाला आणि १ जानेवारी १९६६ पासून आजचे राज्य मंडळ अस्तित्वात आले. प्रथम शालान्त परीक्षा अकरावीला असे. १९७५ पासून ती दहावीला आली आणि नंतर बारावीची परीक्षाही याच मंडळाकडे गेली.

मंडळाचे मुख्य कार्यालय पुण्यास आहे. त्याखाली पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, अमरावती, नाशिक, लातूर आणि कोकण अशी ९ विभागीय मंडळे आहेत. आपला अर्ज, हॉलतिकीट, गुणपत्रक हे सारे विभागीय मंडळाकडून शाळेमार्फत येते. म्हणून तक्रार असेल तेव्हा थेट पुण्याची गाडी पकडू नये. आधी मुख्याध्यापकांना भेटावे, मग विभागीय कार्यालयात जावे.

कोणते काम कोणाचे, याचा आपल्याकडे फार घोळ होतो. पुस्तके छापणे हे ‘बालभारती’चे काम, ती संस्था १९६७ साली निघाली. शाळेची मान्यता, शिक्षकांच्या नेमणुका आणि अकरावीचे प्रवेश हे शिक्षण खात्याचे काम. मंडळाचे मुख्य काम परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणे. पण ते काही लहान नव्हे! दरवर्षी १५ ते १६ लाख मुले दहावीला बसतात. परीक्षकाने तपासलेल्या उत्तरपत्रिकांपैकी काही नियामक पुन्हा पाहतात आणि त्यांच्यावर मुख्य नियामक असतात. उत्तरपत्रिका कोणाची आहे, हे तपासणाऱ्याला कळत नाही. एवढे करूनही गुण कमी वाटले तर गुणपडताळणी करून घेता येते, छायाप्रत मागता येते आणि ती पाहून पुनर्मूल्यांकनाचा अर्जही करता येतो. या अर्जांना मुदत असते, म्हणून रडण्यात दिवस घालवू नयेत. नापास झाल्यास पुढल्या मार्चची वाट पाहण्याचेही कारण नाही. २०१५ पासून पुरवणी परीक्षा त्याच उन्हाळ्यानंतर, जुलैच्या सुमारास होते.

आता मुलांचे राहू द्या, आपल्याविषयी बोलते. आपल्यापैकी कितीजणींचे शिक्षण सातवी-आठवीत थांबले! कोणाचे लग्न ठरले, कोणाच्या पाठीवर भावंडे होती, कोणाच्या गावी हायस्कूलच नव्हते. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. परंतु दहावीचे प्रमाणपत्र नाही म्हणून नोकरीचा अर्ज परत येतो आणि पुढल्या शिक्षणाचे दारही बंद राहते. अंगणवाडी सेविकेच्या जागेला तर आता बारावी लागते.

भगिनींनो, या मंडळाने ते दार उघडे ठेवले आहे. शाळेत न जाता, खाजगी विद्यार्थिनी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येते. शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो हरवला असेल तर जुन्या शाळेतून दुसरी प्रत काढावी आणि प्रतिज्ञापत्र द्यावे. फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, आणि नेमून दिलेली शाळा आपले संपर्क केंद्र होते. माहेरचे नाव, सासरचे नाव यांचा घोळ असल्यास त्या शाळेत आधीच विचारून घ्यावे. वयाची वरची अट नाही. उत्तीर्ण होण्यास विषयाला शंभरात ३५ गुण पुरतात. आणि जी बाई महिन्याचा हिशेब चोख ठेवते, तिने गणिताला भिण्याचे कारण नाही.

मंडळाच्या गुणपत्रकावर परीक्षार्थीच्या आईचे नावही छापलेले असते. मुलांच्या गुणपत्रकांवर आपले नाव आपण अभिमानाने वाचतो. आता एखाद्या गुणपत्रकावर परीक्षार्थी म्हणूनही आपले नाव यावे आणि त्याखाली आपल्या आईचे, अशी माझी इच्छा आहे. त्या माउलीला बहुधा आपल्याइतकेही शिकता आले नसेल.

माझी सूचना एवढीच, की मंडळाने दुपारच्या वेळी आठवड्यातून ३ दिवस दहावीचा वर्ग काढावा. गणित आणि इंग्रजी मी शिकवीन. जागा आपली आहेच, फळाही आहे. पाचजणी आल्या तरी वर्ग सुरू करू. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.