हे मेले कशानं?



मे महिन्यात नाटे गावच्या आमच्या घरी भाचरं जमली की पडवीत एक खेळ रंगतो. मध्ये एक वही, चार पेन्सिली आणि वीस बाजूंचा एक फासा. गोष्ट सांगणारा मी आणि गोष्टीतली पात्रं ती. मी म्हणतो, "समोर अंधारी विहीर आहे, काय करता?" ती आपसांत ठरवतात, फासा टाकतात आणि जे दान पडेल त्यावरून गोष्ट पुढे सरकते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावानं हा खेळ बाजारात आणला. आज आपल्याकडेही तो खेळणारी मुलं पुष्कळ आहेत. अशा गोष्ट सांगणाऱ्यांसाठीच आज बोलायचं आहे, आणि तेही भुतांबद्दल.

गेल्या मे महिन्यात मी गोष्ट आमच्याच यशवंतगडावर नेली. जांभ्या दगडाचे बुरूज, तटात शिरलेली झाडांची मुळं आणि खाली खाडी. तिथे चौदा सांगाडे तलवारी घेऊन उभे केले. थोरल्या भाचीचं पात्र होतं पुजारणीचं, खेळाच्या भाषेत क्लेरिक. तिनं देवाचं चिन्ह उगारलं की भुतं पळतात, आणि ती पुरेशी अनुभवी असेल तर हलकी भुतं जागच्या जागी भस्म होतात. हे पात्र मुळात जन्माला आलं तेच त्यासाठी. आर्नेसन यांच्या खेळात सर फँग नावाचा एक व्हॅम्पायर फार माजला होता, त्याला आवरणारं कुणीतरी हवं होतं. तर, दोन फेऱ्यांत माझे चौदा सांगाडे संपले. दुसऱ्या संध्याकाळी मी त्यांचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याचे आकडे, दुप्पट केले. दोनाच्या जागी चार फेऱ्या लागल्या, इतकंच. धाकटा पेंगायला लागला होता. पेंगता पेंगता त्यानं विचारलं, "मामा, पण हे मेले कशानं होते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याचा विचारच केला नव्हता.

आणि आपल्या कोकणात तर भुताच्या नावातच त्याचं उत्तर असतं. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी गेला, तो मुंजा. बाळंतपणात गेलेली ती अलवंतीण. सवाष्ण गेलेली ती जखीण. जीव धनात अडकून राहिला, तो समंध. पाण्यात बुडून गेला, तो गिऱ्हा. मरण कसं आलं ते कळलं की काय राहून गेलं ते कळतं, आणि ते कळलं की भूत कुठे भेटणार आणि कशासाठी अडवणार तेही कळतं. २०२४ साली 'मुंज्या' सिनेमाला एवढी गर्दी झाली, त्यातल्या भुतालाही एक हट्ट आहे, लग्नाचा. तो हट्ट काढून घेतला तर त्यात भिण्यासारखं काय उरेल?

ही सगळी माहिती एकदा फार निगुतीनं गोळा झाली होती. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांना लोकसमजुती जमवण्याचा नाद होता. १९०९ साली अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जॅक्सन गेले, कागद मागे राहिले. ते आर. ई. एंथोवेन यांनी लावून छापले, त्यातला कोकणचा खंड १९१५ सालचा. त्यात गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठवलेली उत्तरं आहेत. कोणतं भूत कुठे राहतं, कशानं होतं, त्याला काय द्यावं लागतं. डंजन्स अँड ड्रॅगन्सचं 'मॉन्स्टर मॅन्युअल' आलं १९७७ साली. त्याच्या कितीतरी आधी आपल्या मास्तरांनी हे काम करून ठेवलं होतं, आणि मला त्यांचा अभिमान वाटतो.

तिसऱ्या संध्याकाळी मी सांगाडे गुंडाळले आणि गिऱ्हा आणला.

जागा खाडीतली. ओहोटी लागलेली, पलीकडे जायला गुडघाभर चिखल. मी मध्ये एक करवंटी ठेवली आणि दर फेरीला तिच्यात एक चिंचोका टाकू लागलो. सहा चिंचोके झाले की पूर्ण भरती. चिखलात चाल निम्मी. गिऱ्ह्याला मी हिट पॉइंट दिलेच नाहीत. त्याला दिला आवाज. एका भाचीच्या हातात गुपचूप चिठ्ठी सरकवली: "पाण्यातून तुला तुझ्या भावाची हाक ऐकू येते." भाऊ शेजारीच बसलेला. ती त्याच्याकडे बघेना, चिठ्ठीकडे बघेना. चौथा चिंचोका पडला तेव्हा पडवीत कुणी बोलत नव्हतं.

पुजारणीनं चिन्ह उगारलं. इथे पुष्कळ जण चूक करतात. "या भुतावर तुझी शक्ती चालत नाही," असं सांगून मोकळे होतात. मुलीनं मेहनतीनं मिळवलेली शक्ती आपण अशी हिसकावून घेऊ नये. मी म्हटलं, "चालली. गिऱ्हा पाण्याखाली गेला." आणि पाचवा चिंचोका टाकला. भूत पळालं, पण भरती थोडीच पळणार होती?

आमच्याकडे सांगतात की गिऱ्ह्याचा केस हाती आला तर तो गडी होऊन राबतो, पण तो केस सतत शोधत राहतो, आणि सापडला की सूड घेतो. मधल्या भाचीला हे ठाऊक होतं. तिनं पाण्यात हात घातला, फासा टाकला, एकोणीस पडले. केस मिळाला. जिंकल्यावर एवढी काळजीत पडलेली मुलं मी पाहिली नव्हती. रोज पहाटे दारात मासळीची टोपली, आणि रोज रात्री एकेकाच्या उशाशी तोच प्रश्न, माझा केस कुठे आहे?

प्रत्येक मेलेला वैरीच असला पाहिजे असंही नाही. वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. तिथे लोक देवाला मोठाल्या चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा. खेळात एखाद्या वेशीवर झिजलेल्या चपलांचा जोड ठेवून पाहा. शहाणी मुलं तलवार म्यान करतील. आणि वेताळपंचविशीतल्या वेताळाचं तर काय सांगावं! राजाच्या खांद्यावरच्या प्रेतात बसून तो नुसती गोष्ट सांगतो आणि प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, बोललास तर मी पुन्हा झाडावर. तिथे कितीही मोठा फासा टाकला तरी सुटका नाही, डोकंच चालवावं लागतं.

आमचा गिऱ्हा कोण होता, ते मुलांना अजून कळलेलं नाही. तो तरीवर माणसं पलीकडे नेणारा होता, एका उधाणाच्या रात्री बुडाला, आणि प्रेत न सापडल्यामुळे घरच्यांनी त्याची वाट बघणं सोडलंच नाही. त्या घराचं दार खेळात अजून कुणी ठोठावलेलं नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, मुलं आपापल्या गावी गेली. वही माझ्याकडे राहिली. मधल्या भाचीच्या पानावर, जवळच्या वस्तूंच्या यादीत, दोरी आणि कंदिलाच्या खाली तिनं बारीक अक्षरात लिहून ठेवलंय: केस, १. मामालासुद्धा जागा सांगायची नाही.