भिंतीवरची पाल आणि जमिनीवरचा हत्ती



दिवे लागले की आपल्याआधी या सभामंडपात एक श्रोता येऊन बसलेला असतो. तो वेळेवर येतो, खोकत नाही आणि मध्येच उठून जात नाही. खांबावरच्या त्या दिव्यापाशी पाहा, पाल बसली आहे. आजचे व्याख्यान तिच्याविषयी आहे. परंतु तिचे सारे लक्ष दिव्यावरच्या किड्यांकडे आहे, याबद्दल माझी तक्रार नाही.

हा विषय मी घेतला तो एक जुने देणे फेडावे म्हणून. मी शाळेत विज्ञान शिकवीत असे. एकदा वर्गाच्या भिंतीवरून पाल चालली होती. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, ही पाल माझ्याएवढी असती, तर अशीच चढली असती का?" वर्ग हसला. मी म्हणालो, "चढली असती. अंग मोठे तसे पाय मोठे. बैस खाली." तो खाली बसला. माझ्या मनात मात्र, आपल्या भाषेतच सांगायचे तर, शंकेची पाल चुकचुकत राहिली.

प्रथम ती चढते कशी ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी, की पालीचे तळपाय हवा शोषून भिंतीला धरतात. तसे असते तर हवा काढून घेतलेल्या पात्रात ती गळून पडली असती. ती पडत नाही. डिंकासारखे काही पाझरते म्हणावे, तर तिच्या बोटांना तशा ग्रंथीच नाहीत. बोटांखाली असतात त्या आडव्या घड्या, आणि त्या घड्यांवर डोळ्यांना न दिसणारे केस. आपल्या ईशान्य भारतात टोके नावाची मोठी पाल आढळते. तिच्या एका पायाला असे सुमारे ५ लक्ष केस असतात, आणि प्रत्येक केसाचे टोक पुन्हा शेकडो तंतूंत फुटलेले असते. हे तंतू भिंतीच्या इतके निकट जातात, की भिंतीचे अणू आणि पालीचे अणू एकमेकांना ओढू लागतात. या आकर्षणाला व्हान डर वाल्स या डच शास्त्रज्ञाचे नाव आहे. केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली अशा एकाच केसाची ओढ मोजली. एक केस साधारण एका मुंगीचे वजन पेलतो. आणि सोडवायचे कसे? पाल पाऊल सरळ उपटत नाही. बोटे टोकाकडून वर मुडपून सोलून काढते, जसे आपण पाकिटावरचे तिकीट कोपऱ्यापासून सोलतो. कोरड्या टेफ्लॉनवर मात्र तिची मात्रा चालत नाही. गृहिणींच्या न चिकटणाऱ्या तव्याला धिरडे चिकटत नाही, तशी पालही नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. सोंगट्यांच्या खेळातला एक घनाकृती फासा घ्या. त्याच्या दुप्पट लांबी, रुंदी आणि उंचीचा फासा रचायचा तर किती लागतील? दोन नव्हे, आठ. पण त्या मोठ्या फाशाचा तळ मोजा, तो चौपटच भरतो. म्हणजे वजन आठपट झाले आणि ते टेकायला जागा चौपट. घरच्या पालीची लांबी पंधरापट केली, की तळपाय २२५ पट होतील आणि वजन ३,३७५ पट. प्रत्येक केसावर पंधरापट भार! पालीच्या पायांत गरजेहून बरीच अधिक ताकद शिल्लक असते, हे खरे. पण भिंत धुळकट असते, खडबडीत असते, सारे केस एकदम टेकत नाहीत. ती शिल्लक तिथेच खर्ची पडते.

मुंगीविषयीही मी असाच घोळ केला होता. ती स्वतःच्या कितीतरी पट ओझे नेते, म्हणून माणसाएवढी मुंगी बैलगाडी उचलील, असे मी फळ्यावर लिहून दिले होते. स्नायूचे बळ त्याच्या जाडीवर, म्हणजे छेदाच्या क्षेत्रफळावर असते. ओझे मात्र घनफळाने वाढते. माणसाएवढ्या मुंगीला स्वतःच्या त्या बारीक पायांवर उभेही राहवले नसते. तिचा पराक्रम हा तिच्या लहानपणाचा पराक्रम आहे. तिसऱ्या मजल्यावरून मुंगी पडली तर झटकून चालू लागते, कारण तिच्या वजनाच्या मानाने हवेचा अडथळा फार मोठा. पण हीच मुंगी पाण्याच्या एका थेंबात अडकली, की तिला बाहेर पडता येत नाही. आपण आंघोळ करून निघतो, तेव्हा ज्या पाण्याच्या पापुद्र्याची आपल्याला जाणीवही नसते, तो तिचा काळ ठरतो. आपल्याला भय उंचीचे, तिला थेंबाचे. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ साली प्राण्यांच्या योग्य आकारावर एक निबंध लिहून ही गोष्ट फार मार्मिकपणे मांडली. हे हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले, तेव्हा त्यांना आपलेच म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या टोकाला हत्ती. प्राणी मोठा झाला की हाडे नुसती लांब होऊन भागत नाही, ती प्रमाणाबाहेर जाड व्हावी लागतात, हे गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात चित्र काढून दाखवले होते. हत्तीचे पाय देवळाच्या खांबासारखे सरळ अंगाखाली असतात ते यामुळेच. घोडा दौडताना चारही पाय जमिनीवरून उचलतो; हत्ती ते कधीच करीत नाही. २००३ साली थायलंडमधल्या हत्तींच्या चालीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने गेले, पण एक तरी पाऊल जमिनीवर होतेच. उडी मारून पुन्हा जमिनीवर आदळण्याची चैन त्या हाडांना परवडणारी नाही.

येथे कोणी सिंहगडाची आठवण काढील. घोरपडीला दोर बांधून मावळे कडा चढले, ही आख्यायिका आपण सर्वांनी ऐकलेली आहे. तिच्या खरेखोटेपणात मी शिरत नाही, तो इतिहासाच्या वक्त्यांचा प्रांत. परंतु घोरपडीच्या बोटांना पालीसारख्या केसाळ गाद्या नाहीत. ती नख्या रुतवून धरते. एवढ्या अंगाला चिकटण्याचा मार्ग महाग पडतो. गुळगुळीत काचेवर पाल चढेल, घोरपड घसरेल.

२०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी चढणाऱ्या २२५ जातींच्या प्राण्यांची तुलना प्रसिद्ध केली. अंगाच्या मानाने चिकट तळव्यांची जागा सूक्ष्म कोळीकीटकांत फारच थोडी असते. पालीत त्याच्या सुमारे २०० पट. याच हिशेबाने माणसाला भिंतीवर चढायचे तर अंगाचा ४० टक्के पृष्ठभाग चिकट लागेल! नुसत्या पायांनी चढायचे म्हटले तर युरोपी मापाचा १४५ नंबरचा जोडा हवा. चिकटून चढणाऱ्यांत पालीचा आकार हा जवळपास शेवटचा.

हे वाचले त्याच दिवशी मी त्या विद्यार्थ्याला पत्र घातले. आता तो स्वतः आजोबा होण्याच्या वयाचा आहे. लिहिले, "तुझ्याएवढी पाल चढली नसती. मी चुकलो होतो." आठ दिवसांत उलट टपाली उत्तर आले. क्षमा वगैरे काही नाही, खाली नवा प्रश्न, "मग सर, माशी छताला उलटी बसते ती कशी?" या वेळी मात्र मी आधी वाचले आणि मग लिहिले, की माशीच्या पायांना केसाळ गाद्या असतात खऱ्या, पण त्या कोरड्या नसतात, त्यांवर ओशट द्रवाचा अतिशय पातळ थर असतो. पत्र कालच पेटीत टाकले आहे.