टँकरच्या आधीचा हिशेब



उन्हाळा लागला की टँकरसाठी आपण तहसिलीवर मोर्चा नेतो. न्यावाच. पण आधी घरचा हिशेब करू. एक एकर रब्बी ज्वारीला दोन इंचाची एक पाळी दिली, की २ लाख लिटर पाणी गेले. माणशी रोज ५५ लिटर धरले, तर १००० वस्तीच्या गावाचे ते साडेतीन दिवसांचे पाणी. पीक किती पाणी पिते ते आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो. ते कुणाच्या घागरीतले, हे कुणी शिकवले नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटर. तिथले लोक तो मोजतात आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसे, जनावरे. उरेल त्यावर रब्बी. शेतीला बोअर नाही, ऊस नाही. बंधारा सरकारही बांधून देईल. शेजाऱ्याला ‘यंदा पाळी नको’ म्हणायचे ते मात्र आपल्यालाच! आमच्या दोन सभा त्याच भांडणात मोडल्या.

मृगाआधी पर्जन्यमापक बसवा. दसऱ्याआधी ग्रामसभा बोलवा, आणि बायांना पुढे बसवा. घागर त्यांच्या डोक्यावर आहे.